मडगार्डावरचा शक्तिमान आणि ९९९ काळ्या गाड्या

(दहावी, मार्च २००० च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कमी केलं आहे.)



या स्टेजवर मी याआधी एकदाच उभी राहिले होते. आठवीत, वक्तृत्व स्पर्धेत. विषय होता ‘विज्ञान : शाप की वरदान’. तिसऱ्या वाक्यानंतर मला शाप आठवेना आणि वरदानही आठवेना, आणि मी खाली येऊन बसले. म्हणून आज कागद आणला आहे. मराठीच्या मॅडम समोर बसल्या आहेत, त्यांनी हसू नये अशी विनंती.

आजचा विषय मी निवडलेला नाही. ऑगस्टमध्ये आपल्या ग्रुपवर एकाने एका काळ्या गाडीचा फोटो टाकला. दारावर वटवाघूळ, चाकांवर वटवाघूळ, छतावर वटवाघूळ. खाली धडाधड मेसेज आले. ‘२७ लाख? वटवाघळासाठी?’ ‘सव्वादोन मिनिटात संपल्या म्हणते बाप्पा.’ ‘एवढ्या पैशात आर्वी रोडवर प्लॉट येते.’ मग कोणीतरी लिहिलं, आपली पुण्याची इंजिनियर गाड्यांचंच काम करते, तिला विचारा. मी ‘मेळाव्यात सांगते’ असं लिहून सुटका करून घेतली. समितीने ते खरं धरलं आणि कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकलं.

आधी एक खुलासा. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीत मी नाही. गाडी सुरू केली की समोरच्या स्क्रीनवर जे जे दिसतं, म्हणजे वेग, बॅटरी, नकाशा, सुरुवातीला हलणारं चित्र, त्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. गाड्या आणि स्कूटर दुसऱ्यांच्या, स्क्रीनच्या आतलं आमचं. त्या काळ्या गाडीबद्दल जे सांगणार आहे ते जाहीर झालेलं आहे. आतलं सांगेन ते माझ्या कामातलं.

तर ती गाडी म्हणजे महिंद्राची ‘बीई ६ बॅटमॅन एडिशन’. १४ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाली. बॅटमॅनचे हक्क वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे आहेत, त्यांच्या परवानगीने काढलेली. तेव्हाची किंमत २७ लाख ७९ हजार, शोरूमची. आधी ३०० च काढणार होते, मग मागणी पाहून ९९९ केल्या. २३ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि १३५ सेकंदात सगळ्या गेल्या. ग्रुपवरचा सव्वादोन मिनिटांचा आकडा अगदी बरोबर होता, गणिताच्या सरांनी नोंद घ्यावी. गाड्या द्यायला सुरुवात २० सप्टेंबरला झाली, कारण जगभरचे चाहते तो दिवस बॅटमॅन दिन म्हणून पाळतात. ही गाडी तयार होते आपल्याच राज्यात, पुण्याजवळ चाकणला. गोथम शहराचा तो अंधारातला माणूस आणि चाकणचा ट्रॅफिक यांची गाठ अशी पडली.

आता ‘वटवाघळासाठी २७ लाख?’ या प्रश्नाकडे येते. तसं नाही. तीच गाडी, तीच ७९ किलोवॅट-तासांची बॅटरी, बॅटमॅनशिवाय घेतली तर त्या वेळी २६ लाख ९० हजारांना होती. म्हणजे वटवाघळाचे ८९ हजार. ८९ हजार गुणिले ९९९ केलं तर ८ कोटी ८९ लाख होतात. त्यातून रंग, बिल्ले, शिवणकाम आणि परवानगीचे पैसे. एवढ्या मोठ्या कंपनीला ही काही कमाई नव्हे. खरी कमाई ही, की पिपरीतल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या गाडीची दिवसभर चर्चा झाली आणि आज पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसं जेवणाआधी तिच्यावर भाषण ऐकत आहेत. जाहिरातीला ते याहून जास्त पैसे देतातच.

अशा गाडीत नेमकं बदलतात काय? इंजिनियरच्या नजरेने बघाल तर फार थोडं. सगळ्यांना माहीत असलेला नियम असा, की जे बदललं तर पुन्हा चाचण्या द्याव्या लागतील त्याला हात लावायचा नाही. ब्रेक, मोटर, चासी तशीच. त्या गाडीत सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि ब्रेकचे कॅलिपर सोनेरी रंगवलेत, बदललेले नाहीत. बाहेरून खास काळा रंग. डॅशबोर्डवर एक पट्टी, तिच्यावर ००१ ते ९९९ पैकी तुमचा नंबर. दार उघडलं की खाली जमिनीवर वटवाघळाच्या आकाराचा उजेड पडतो. गाडी सुरू केली की स्क्रीनवर बॅटमॅनचं स्वागत. विजेची गाडी असल्यामुळे तिला स्वतःचा आवाज नाही, म्हणून बाहेर ऐकू येणारा आवाज सिनेमातल्या बॅटमोबिलच्या धर्तीवर दिलाय. ही शेवटची दोन कामं माझ्या धंद्यातली. रंग एकदा लागला की लागला. चित्र आणि आवाज म्हणजे सॉफ्टवेअर, आणि ते नंतरही बदलता येतं. हे एवढं लक्षात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

हा प्रकार नवा नाही. तमिळनाडूच्या टीव्हीएसने २०२० मध्ये एनटॉर्क स्कूटर आयर्न मॅन, ब्लॅक पँथर आणि कॅप्टन अमेरिका अशा तीन रूपांत काढली. अमेरिकेत निसानची ‘रोग’ नावाची गाडी होती आणि २०१६ मध्ये स्टार वॉर्सचा ‘रोग वन’ सिनेमा आला. नुसतं नाव जुळलं म्हणून त्यांनी ५४०० खास गाड्या काढल्या. पण आपल्याकडे याची खरी सुरुवात लोकांनी केली, कंपन्यांनी नाही. १९७३ मध्ये राज कपूरचा ‘बॉबी’ आला. त्यात ऋषी कपूर एका बुटक्या राजदूतवर डिंपलला घेऊन जातो. त्या गाडीचं कागदावरचं नाव राजदूत जीटीएस १७५. ते कोणाला आठवतं? सगळा देश तिला ‘बॉबी’च म्हणायला लागला. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी किंवा काकांनी तिचं नाव घेतलेलं तुम्ही ऐकलं असेल. परवानगी नाही, करार नाही, नंबरची पट्टी नाही. लोकांनी नाव ठेवलं आणि ते टिकलं.

वर्ध्याच्या माणसाने गाड्यांवर बोलावं आणि बजाजचं नाव घेऊ नये असं होत नाही. बजाज ऑटो १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन होतं. हे बच्छराज म्हणजे आपल्या वर्ध्याचे शेठ, ज्यांच्या घरात जमनालालजी दत्तक आले. पुण्यात मी कोणाला हे सांगितलं की त्यांना पटत नाही. त्याच बजाजने १९७२ मध्ये स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, चेतक. चेतकसाठी कोणाला रॉयल्टी द्यावी लागली नाही, घोड्याचे वारस पुढे आले नाहीत. आणि २०१६ मध्ये त्यांनी ‘व्ही’ ही मोटारसायकल आणली, तिच्यात विक्रांत युद्धनौकेचं लोखंड वापरलं होतं. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती, शेवटी २०१४ मध्ये भंगारात गेली. ते भंगार वितळवून गाडीत. मला विचाराल तर सगळ्या स्पेशल एडिशनमध्ये ही कल्पना सगळ्यात पक्की. त्या गाडीत गोष्ट खरोखर धातूत होती, कोणीही अपडेट पाठवून ती काढू शकत नाही.

आता थोडं मागे जाते. १९९७. आपण आठवीत. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’, आणि बरोब्बर तेव्हाच लाइट जायची. त्या वर्षी मला सायकल मिळाली. लेडीज सायकल, मरून रंगाची. सायकल स्टँडवर सगळ्यांच्या सायकली सारख्याच, त्यामुळे शाळा सुटल्यावर कोणाची कोण नेते काही कळायचं नाही. आपल्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे बाबा पेंटर. ट्रकच्या फाळक्यावर मोर, कमळ, बैलजोडी काढायचे, नंबरप्लेटी लिहायचे. त्याचं नाव मी घेत नाही, तो मागून तिसऱ्या रांगेत बसलाय आणि खाली पाहून राहिला आहे. मी त्याला म्हटलं, माझ्या मडगार्डवर काहीतरी काढून दे, ओळखू आली पाहिजे. तो म्हणाला, ‘शक्तिमान काढतो. पण गणिताची वही दे दोन दिवस.’

त्याने मागच्या मडगार्डवर शक्तिमान काढला. हात वर, बाजूला गोल गोल फिरल्याच्या रेषा. चेहरा मुकेश खन्नाचा कमी आणि आपल्या शिपाईकाकांचा जास्त वाटत होता, पण उजेड असेल तर शक्तिमानच. खाली कोपऱ्यात त्याने, बाबांसारखं, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं. वही परत आली तेव्हा तिच्याही शेवटच्या पानावर शक्तिमान होता आणि त्याबद्दल मी सरांकडून हातावर पट्टी खाल्ली. सर, ते चित्र मी काढलेलं नव्हतं. आज सांगते.

पावसाळ्यात रंग निघाला की तो पुन्हा हात मारून द्यायचा. दहावीपर्यंत तीन वेळा. एकदाही पैसे घेतले नाहीत. कायद्याने पाहिलं तर आम्ही दोघंही चुकत होतो. शक्तिमान कोणाचा तरी होता, आणि आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. हे मी हसण्यावारी नेत नाही, कारण माझा पगार याच कायद्यावर चालतो. चित्र काढणाऱ्याचा हक्क मोडला तर मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचाही मोडतो.

पण हक्क आणि काढणारा हे नेहमी एकच असतात असं नाही. बॅटमॅन १९३९ मध्ये आला. पुढची कित्येक वर्षं त्यावर एकट्या बॉब केन यांचं नाव छापलं जायचं. बिल फिंगर नावाच्या लेखकाने त्या पात्राला पुष्कळसं घडवलं होतं, पण त्यांचं नाव अधिकृतपणे लागलं ते २०१५ मध्ये. फिंगर १९७४ मध्येच वारले होते. म्हणून मला ते कोपऱ्यातलं एक अक्षर फार मोठं वाटतं.

परवानगीचा व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. पात्राचा मालक आणि गाडीवाली कंपनी करार करतात. त्यात चार गोष्टी असतात: कोणत्या वस्तूवर, कोणत्या देशात, किती वर्षं, आणि पैसे किती. पैसे बहुतेक वेळा दोन प्रकारे, विक्रीवर टक्केवारी आणि शिवाय काही झालं तरी द्यायची एक किमान रक्कम. मालक एक जाडजूड पुस्तक देतो, त्याला स्टाइल गाइड म्हणतात. पात्राचा पिवळा नेमका कोणता पिवळा, तोंड कोणत्या बाजूला, कशाशेजारी उभं करायचं नाही, सगळं त्यात. मग प्रत्येक टप्प्यावर मंजुरी. एका कामात आमच्या टीमने पात्राला स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे पळवलं होतं. परत आलं: हे पात्र पळत नाही, चालतं. आम्ही पंधरा दिवस ते चालवत बसलो. शिपाईकाकांच्या चेहऱ्याचा शक्तिमान तिथे पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

नावाचंही तसंच जपावं लागतं. या बॅटमॅनवाल्या गाडीचं मूळ नाव ‘बीई ६ई’ होतं. ‘६ई’ हा इंडिगो विमान कंपनीचा कोड, त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टात धाव घेतली आणि महिंद्राने गाडीचं नाव ‘बीई ६’ केलं. एका अक्षरासाठी. आमच्या क्षेत्रात अक्षरं महाग असतात.

आता त्या चार गोष्टींपैकी तिसरी, किती वर्षं. या भाषणात मला खरं तर एवढंच सांगायचं होतं. बाकीचं तुमच्या ग्रुपवरच्या प्रश्नांसाठी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्कूटरच्या खास आवृत्तीचं काम केलं. कंपनीचं आणि पात्राचं नाव मी सांगू शकत नाही, करारात तसं आहे. किल्ली फिरवली की स्क्रीनवर ते पात्र येऊन हात हलवायचं, तीन सेकंद. मुलांचं लाडकं पात्र. गाडी बऱ्यापैकी विकली गेली. करार तीन वर्षांचा होता, तो संपला, पुढे वाढवला गेला नाही. त्यानंतर बॅटरीच्या संदर्भात एक दुरुस्ती आली आणि सगळ्या स्कूटरना नवीन सॉफ्टवेअर द्यायचं ठरलं. आता करार संपल्यावर नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते पात्र घालून पाठवायचं म्हणजे परवानगीशिवाय त्याची नवीन प्रत करणं. म्हणून कामाच्या यादीत एक ओळ होती: स्वागताचं चित्र काढून नेहमीचं टाकणे. त्या ओळीपुढे बरोबरची खूण मी केली. मी टीमची प्रमुख होते. मला त्यात काही वाटलं नाही.

तीन-चार महिन्यांनी एक तक्रार आली. कुठल्या तरी लहान गावातल्या सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने लिहिलेली. तो मजकूर मला अजून जवळपास पाठ आहे. त्याने लिहिलं होतं, ग्राहकाने ही गाडी मुलीला आवडते म्हणून घेतली होती. मुलगी रोज सकाळी किल्ली फिरवायला येते. अपडेटनंतर चित्र येत नाही. ग्राहक भांडत नाही, फक्त परत येईल का विचारतो.

मी ती तक्रार दोन मिनिटांत बंद केली. आमच्याकडे त्यासाठी एक शेरा असतो, त्याचा अर्थ ‘दोष नाही, ठरवल्याप्रमाणेच चालू आहे’. तो टाकला आणि पुढची उघडली. त्या दिवशी तशा तीस-बत्तीस तक्रारी होत्या.

त्या दिवाळीत मी पिपरीला आले. आई म्हणाली, मागच्या शेडमधलं भंगार काढून दे, भंगारवाला रोज विचारून राहिला. पत्रे, ट्रंका, आणि खाली माझी सायकल. टायर कुजलेले, चेन गंजलेली. मडगार्ड पुसलं तर शक्तिमान. चेहरा गेला होता, एक वर केलेला हात, फिरल्याच्या दोन रेषा आणि कोपऱ्यातलं अक्षर शाबूत. वीस वर्षांहून जास्त झाली होती. त्या चित्राची परवानगी एका दिवसाचीही नव्हती, आणि ते तिथेच होतं. आणि ज्या चित्रासाठी एका माणसाने रोख पैसे मोजले होते, पावती घेतली होती, ते मी पुण्यात बसून एका खुणेने काढून टाकलं होतं.

पुण्याला परतल्यावर मी ती तक्रार शोधून काढली. पुन्हा उघडता येईल का म्हणून विचारलं. वकिलांनी नाही सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं, करारात विकलेल्या गाड्यांच्या अपडेटबद्दल एक शब्द नव्हता. दुकानात शिल्लक माल विकायला काही महिने मिळतील एवढं लिहिलं होतं. बिल्ले आणि स्टिकर गाडीवर तसेच राहतात, त्यांचा प्रश्नच येत नाही. स्क्रीनचा विचार करार लिहिणाऱ्यांनी केलाच नव्हता, आणि आम्ही इंजिनियरांनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या मुलीला तिचं चित्र परत मिळालं नाही. ती आता दहाएक वर्षांची असेल. विसरलीही असेल. मी विसरले नाही.

पुढच्या खास आवृत्तीच्या वेळी मी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी मागितल्या. एक वकिलांकडे: विकलेल्या गाडीत, ती गाडी चालू आहे तोवर, अपडेट झाले तरीही चित्र आणि आवाज राहतील, अशी ओळ करारात हवी. दुसरी आमच्याच टीमकडे: पात्राच्या फाइल मुख्य सॉफ्टवेअरमध्ये मिसळायच्या नाहीत. त्यांना वेगळं कपाट द्यायचं. म्हणजे पुढे कधी दुरुस्ती पाठवली तर ती त्या कपाटाला हातच लावणार नाही, आणि नवीन प्रत करण्याचा प्रश्न उद्भवणार नाही. दुसऱ्या गोष्टीला आमच्यात खूप वाद झाला, कारण जागा जास्त लागते आणि चाचण्या वाढतात. तीन आठवडे गेले. माझा साहेब म्हणाला, तीन सेकंदांच्या चित्रासाठी एवढं? मी त्याला मेकॅनिकची तक्रार वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण सही केली.

वकिलांची ओळ मात्र एका ई-मेलमध्ये मंजूर झाली. पात्राच्या मालकांनी काहीच हरकत घेतली नाही. मला वाटलं होतं मोठं भांडण होईल. इतकी वर्षं ते कोणी मागितलंच नव्हतं.

म्हणून आपल्यातलं कोणी अशी गाडी घेणार असेल, आणि ग्रुपवरच्या चर्चेवरून दोघं तरी घेणार दिसतात, तर जरूर घ्या. ८९ हजारांत कोणाला आनंद होत असेल तर मी नाव ठेवणार नाही. आपण यापेक्षा जास्त पैसे लग्नाच्या बँडवर घालवतो. फक्त शोरूममध्ये एक विचारा: रंग, बिल्ला, नंबरची पट्टी माझी आहे हे दिसतंय, पण स्क्रीनवरचं आणि आवाज अपडेटनंतर राहणार का? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. सेल्समन गडबडेल. गडबडू द्या. दहा जणांनी विचारलं तर अकराव्या वेळी उत्तर छापील मिळेल.

शेवटी कालची गोष्ट. काल संध्याकाळी मी आर्वी नाक्याकडे गेले होते. आपला पेंटर मित्र आता रेडियमचं काम करतो. ब्रश सुटला, कटिंगची मशीन आली. मी त्याला ही सगळी कथा सांगितली, स्टाइल गाइड, करार, रॉयल्टी. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ‘म्हणजे माह्याकडे रोज पोट्टे येतात, बॅटमॅन लावून द्या म्हणतात. मी काय करू वं?’

मी म्हटलं, खरं सांगायचं तर परवानगी नसेल तर लावू नये. तो बिल्ला त्यांचा आहे.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. समोर एका पोराची मोपेड उभी होती, काळी. त्याने काळ्या रेडियमचा तुकडा घेतला आणि मशीन न लावता, कात्रीने, हाताने एक वटवाघूळ कापलं. खरंखुरं, कान वेगळे, पंख फाटल्यासारखे, शाळेच्या मागच्या वडावर उलटं लटकायचं तसं. ते त्या पोराच्या मडगार्डवर उलटं चिकटवलं आणि मला म्हणाला, ‘वटवाघूळ तं कोणाच्या बापाचं नाही न?’

मी म्हटलं, नाही.

‘मंग झालं,’ म्हणाला, आणि कोपऱ्यात मार्करने अक्षर टाकलं.

ज्यांना वाटतं मी हे रचून सांगितलं, त्यांनी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन पाहावं. तो पोरगा आपल्या समितीच्या अध्यक्षांचा आहे, आणि मोपेड जेवणाच्या मंडपाजवळ उभी आहे.